चार चमच्यांचे जेवण : वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा वाटलेला आहार

आपल्या घरांत अन्न वाटून, गाळून भरवण्याचे प्रसंग दोनच मानले गेले आहेत. एक बाळाच्या उष्टावणानंतरचे काही महिने आणि दुसरा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे दिवस. त्यामुळे साठी ओलांडलेल्या, चालत्याफिरत्या, घरात ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा व्यक्तीपुढे एके दिवशी चार चमचे घोटलेले वरण ठेवण्याची वेळ आली की घरातील सारेच क्षणभर गप्प होतात. रुग्णाला वाटते, आपले हे काय होऊन बसले. वाढणाऱ्याला वाटते, एवढ्याने या माणसाचे कसे भागणार. वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दीड-दोन महिने ज्या घराने पाहिले आहेत, त्या घराला ही दोन्ही मने ठाऊक असतात.

वसई-विरारकरांना हा विषय परका नाही. सुमारे ३०० किलो वजन असलेल्या वसईतील एका महिलेवर २०१५ पासून दोन टप्प्यांत अशा शस्त्रक्रिया झाल्या आणि चार वर्षांत तिचे वजन ८६ किलोपर्यंत उतरले, ही वार्ता २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून आली होती. अशा वार्तांत किलोंचे आकडे दिसतात, त्यामागचे स्वयंपाकघर मात्र दिसत नाही. शल्यविशारदाचे काम काही तासांत संपते. त्यानंतरचे काम घरातील मिक्सर, गाळणी, मोजमापाचा चमचा आणि ते हाताळणारी व्यक्ती यांच्याकडे येते. वाचकहो, आपण स्वतः रुग्ण असाल, जोडीदाराची शुश्रूषा करीत असाल, किंवा सत्तरीच्या उंबरठ्यावर उभे राहून चाळिशीतल्या मुलाचे पथ्य सांभाळत असाल, तर हा लेख आपल्यासाठी आहे.

पोटात नेमके काय बदललेले असते

आज या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग काढून टाकतात आणि उरलेल्या जठराला एखाद्या अरुंद नळीचा आकार येतो. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या भागाची सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी लहानशी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. या दुसऱ्या पद्धतीचा पाया अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये घातला. आज ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होते. पोटावर चार-पाच लहान छिद्रांच्या खुणा राहतात आणि त्या आठ-दहा दिवसांत भरूनही येतात.

इथेच घरच्यांची फसगत होते. बाहेरची त्वचा सांधली म्हणजे आतील जखम भरली, असे नव्हे. जठराच्या कडेला धातूच्या बारीक टाचण्यांची एक लांब रेघ असते. ती रेघ घट्ट होण्यास आणि आतील सूज ओसरण्यास काही आठवडे जावे लागतात. या काळात पोळीचा न चावलेला तुकडा किंवा भाताचा कोरडा घास त्या अरुंद मार्गात अडकू शकतो. जोराची उलटी झाली तर नव्या सांध्यावर ताण येतो. अन्न वाटून देण्याचे कारण एवढेच आहे. दात चांगले असले तरी वाटलेले अन्न घ्यावे लागते, कारण हे पथ्य दातांसाठी नसून जठरासाठी आहे.

वयाविषयीही एक शंका वारंवार विचारली जाते. या क्षेत्रातील दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आपल्या शिफारशी सुधारल्या. त्यांत केवळ वयाच्या आकड्यावरून शस्त्रक्रिया नाकारू नये, व्यक्तीची एकंदर शक्ती आणि इतर आजार पाहून निर्णय घ्यावा, असे सांगितले आहे. आशियाई लोकांसाठी वजन आणि उंचीच्या गुणोत्तराची, म्हणजे बीएमआयची मर्यादाही त्यांनी २७.५ इतकी खाली आणली. त्यामुळे साठीनंतर ही शस्त्रक्रिया करवून घेणाऱ्यांनी आपण काही वावगे केले असे मानण्याचे कारण नाही. मात्र वय वाढलेले असताना स्नायू झपाट्याने झिजतात, तहान कमी लागते आणि औषधांची यादी लांब असते. म्हणून पथ्यातील चूक तरुणापेक्षा वृद्धाला अधिक महाग पडते.

पायऱ्या आणि त्यांचा क्रम

सर्वसाधारणपणे पहिले एक-दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेले सूप असे स्वच्छ द्रव देतात. त्यानंतर साधारण दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत दूध, ताक, पातळ गाळलेली डाळ असे दाट द्रव येतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास वाटलेल्या आहाराची पायरी सुरू होते आणि ती दोन आठवडे किंवा थोडी अधिक चालते. पुढे मऊ, बोटाने कुस्करता येईल असे अन्न आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर हळूहळू नेहमीचे जेवण. हा क्रम शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार आणि रुग्णाच्या प्रकृतीनुसार बदलतो. आपल्या हाती रुग्णालयाने दिलेल्या कागदावर जे दिवस लिहिले असतील तेच प्रमाण मानावेत. शेजारच्या इमारतीतील कोणी दहाव्या दिवशी मऊ भात खाल्ला आणि त्यांना काही झाले नाही, हा पुरावा आपल्या उपयोगाचा नाही.

वाटलेले म्हणजे किती वाटलेले?

‘मऊ’ आणि ‘वाटलेले’ या दोन शब्दांत घरोघरी घोटाळा होतो. गुरगुट्या भात मऊ असतो, पण त्यात शिते असतात. पोह्यांची पेज मऊ असते, पण पोहे पोटात गेल्यावरही पाणी शोषून फुगतात. वाटलेले अन्न एकजीव, गुठळीरहित आणि चावावे न लागणारे असावे. गरम पुरणाला जसे पुरणयंत्रातून काढतो, त्याहून एक पायरी अधिक तलम.

घरच्या घरी करता येणारी एक कसोटी आहे. चमचा भरून घ्यावा आणि तिरका करावा. अन्न आपला आकार धरून एकदम घसरून पडले आणि चमच्याला फारसे चिकटले नाही, तर दाटपणा योग्य. पाण्यासारखे वाहून गेले तर ते अजून द्रव आहे. चमच्याला खळीसारखे चिकटून राहिले तर ते घशातही चिकटेल, त्यात थोडे सूप, ताक किंवा डाळीचे पाणी मिसळावे. साधे पाणी घातले तर चव आणि पोषण दोन्ही पातळ होतात. मिक्सरमधून काढल्यानंतर एकदा बारीक गाळणीतून घासून घ्यावे. टोमॅटोची साल, डाळीचे टरफल, जिऱ्याचे दाणे, कोथिंबिरीचे देठ हे सारे तिथे अडते.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात गिळण्याची क्रिया मंदावलेल्या वृद्धांनाही वाटलेले अन्न देतात. त्यांच्या बाबतीत साधे पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊन धोका होऊ शकतो, म्हणून अनेकदा पाणीही दाट करून देतात. वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र पातळ द्रवच सर्वांत आधी सुरू होतात. वाटी सारखी दिसली तरी नियम वेगळे आहेत. एका रुग्णाचा तक्ता दुसऱ्याला लावू नये, आणि आपल्या रुग्णाला दोन्ही त्रास असतील तर ते आहारतज्ज्ञांना आधीच सांगावे.

पेजेचा मोह आणि प्रथिनांची गरज

आजारी माणूस म्हटले की आपला हात आपोआप तांदळाकडे जातो. पेज, कण्हेरी, साबुदाण्याची खीर, रव्याची लापशी. पचायला हलकी म्हणून ही परंपरा योग्यच आहे, पण इथे ती अपुरी पडते. पोटात एका वेळी जेमतेम ३० ते ६० मिलिलिटर, म्हणजे मोजमापाचे दोन ते चार मोठे चमचे अन्न मावते. ती जागा पेजेने भरली तर पिष्ट पदार्थाखेरीज शरीराला फारसे काही मिळत नाही. जखम भरण्यासाठी आणि स्नायू टिकवण्यासाठी प्रथिने हवीत. ती मिळाली नाहीत तर वजन उतरते खरे, पण चरबीबरोबर मांडीचे आणि दंडाचे बळही उतरते. तरुण माणूस ते पुढे कमावू शकतो. सत्तरीतील व्यक्तीला मात्र तेच बळ खुर्चीतून उठताना आणि रात्री न्हाणीघरात जाताना कमी पडते. पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे इथपर्यंत ही वाट जाते.

बहुतेक रुग्णांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घेण्यास सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. आता हिशेब मांडून पाहा. साय काढलेले २०० मिलिलिटर दूध दिवसभरात मिळून ७ ग्रॅम देते. त्यात दोन मोठे चमचे दुधाची भुकटी मिसळली तर आणखी सुमारे ५ ग्रॅम. एका अंड्यातून ६ ग्रॅम. ३० ग्रॅम पनीरमधून सुमारे ५ ग्रॅम. ६० ग्रॅम चक्क्यातून अंदाजे ५ ग्रॅम. मुगाच्या दाट वरणाच्या दोन लहान वाढण्यांतून मिळून ८-९ ग्रॅम. ४० ग्रॅम मासळीतून सुमारे ८ ग्रॅम. हे सारे एका दिवसात पोटात गेले तरी बेरीज पंचेचाळीसच्या आसपास थांबते. म्हणूनच डॉक्टर प्रथिनांची भुकटी लिहून देतात. ‘डब्यातले कशाला, घरचे सकस खाऊ’ हा आग्रह एरवी योग्य असला तरी या काही आठवड्यांत त्याला मुरड घालावी लागते. भुकटी मात्र डॉक्टरांनी सुचवलेलीच घ्यावी.

खाताना क्रमही महत्त्वाचा. आधी प्रथिनांचा पदार्थ, मग भाजी, आणि जागा उरली तरच नाचणी किंवा भात. नाचणीच्या आंबिलात चुना, म्हणजे कॅल्शियम चांगले असते. पण ते जेवणाची जागा घेऊ शकत नाही, साथ देऊ शकते.

वाडीतून आणि बंदरावरून

वसई-विरारकरांचे एक भाग्य असे की, इमारती कितीही वाढल्या तरी निर्मळ, आगाशी, भुईगाव या पट्ट्यातील वाड्यांचा भाजीपाला आणि अर्नाळा, पाचूबंदरची मासळी अजून दाराशी येते. वाटलेल्या आहारासाठी तिचा उपयोग कसा करावा, हे पाहू.

*मूग, दुधी आणि पनीर.* ४० ग्रॅम मुगाची धुतलेली डाळ आणि तितकाच सोललेला, बिया काढलेला दुधी, हळद व हिंग घालून कुकरमध्ये नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या अधिक देऊन शिजवावा. त्यात ३० ग्रॅम ताजे पनीर घालून मिक्सरमधून काढावे आणि गाळून घ्यावे. चवीला मीठ आणि जिऱ्याची बारीक पूड पुरे. फोडणी नको. यातून साधारण तीन वाढणी होतात आणि प्रत्येकीत सुमारे ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. दुधीऐवजी लाल भोपळा चालेल. मात्र भाजीचे प्रमाण वाढवले तर प्रथिने विरळ होतात, हे ध्यानात ठेवावे.

*वाफवलेली मासळी.* रावस, सुरमई किंवा पापलेटचा ५० ग्रॅमचा तुकडा हळद, आल्याचा रस आणि मीठ लावून वाफवावा. काटे एकदा डोळ्यांनी पाहून आणि दुसऱ्यांदा बोटांनी चाचपून काढावेत. मासळी शिजवतानाच सुटलेल्या पाण्यात ती वाटून गाळावी. मांदेलीसारखी बारीक काट्यांची मासळी या काळात वर्ज्य समजावी. ओला बोंबील मऊ म्हणून पुष्कळांना सोयीचा वाटतो, पण त्यात पाण्याचा अंश फार असतो. तेवढ्याच वजनाच्या रावसाच्या जवळपास निम्मीच प्रथिने त्यातून मिळतात. बदल म्हणून तो चालेल, रोजचा आधार म्हणून नको. सुकी मासळी, जवळा आणि तिखट आंबट कालवण काही महिने दूर ठेवावे.

*चक्का.* साय काढलेल्या दुधाचे दही फडक्यात बांधून तीन-चार तास टांगावे. त्या चक्क्यात चमचाभर पिकलेल्या पपईचा गर घालून फेटावा. साखर, गूळ, मध काही नको. श्रीखंडाची आठवण देणारा हा पदार्थ तोंडाची चव परत आणण्यास मोठी मदत करतो.

आपल्या भागातील काही आवडत्या गोष्टींना मात्र काही काळ निरोप द्यावा लागतो. राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी वसईचे भूषण आहे, पण तिच्यात साखर एकवटलेली असते आणि ती चिवटही असते. आगाशीच्या भुजिंगात भाजलेले मांस आणि पोहे दोन्ही असतात, आणि दोन्ही या पोटाला सध्या जड. पाव, पोळी, भाकरी, ओले खोबरे, शेवग्याच्या शेंगा, पालेभाज्यांचे दोरे, कणीस, अख्खे दाणे हे सारे नंतरच्या पायऱ्यांवरचे पाहुणे आहेत. उसाचा रस, गोड सरबत आणि पेढा यांबाबत अधिक सावध राहावे. विशेषतः बायपासनंतर साखर वेगाने आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब, गळून जाणे असा त्रास होऊ शकतो.

सावकाश, मोजून, थांबून

प्रत्येक वाढणीला वीस ते तीस मिनिटे द्यावीत. लहान मुलाचा चमचा वापरावा. दोन चमच्यांमध्ये चमचा खाली ठेवावा आणि मिनिटभर थांबावे. रुग्णाने सरळ बसून जेवावे आणि जेवणानंतर अर्धा-पाऊण तास आडवे होऊ नये. पोट भरल्याची खूण आता पूर्वीसारखी नसते. छातीच्या मध्यावर दाब जाणवणे, उचकी लागणे, नाकातून पाणी येणे, तोंडाला पाणी सुटणे या नव्या खुणा आहेत. त्यांपैकी एक जरी दिसली तरी चमचा तिथेच थांबावा, वाटीत दोन चमचे उरले असले तरी.

पाण्याचे गणित निराळे आहे. जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास थांबावे. उरलेल्या वेळात दर काही मिनिटांनी एक-दोन घोट घेत दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच. वृद्धांना तहान जाणवत नाही, म्हणून ‘पाणी हवे का?’ असे विचारण्याऐवजी मोजमापाच्या खुणा असलेली बाटली हाताशी ठेवावी आणि संध्याकाळी ती किती रिकामी झाली हे पाहावे. लघवी गडद पिवळी होणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे होत. सोड्याच्या बाटल्या नकोत आणि स्ट्रॉने पिणेही बहुतेक ठिकाणी वर्ज्य सांगतात, कारण त्यातून हवा पोटात जाते.

औषधांची पेटी पुन्हा उघडा

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच मधुमेहींची साखर लक्षणीय उतरू शकते. जुन्याच मात्रेत इन्शुलिन किंवा गोळ्या चालू राहिल्या तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. म्हणून घरी येण्यापूर्वीच प्रत्येक जुन्या औषधाविषयी ‘हे चालू, हे बंद, हे कमी’ असे लिहून घ्यावे आणि घरी साखर व रक्तदाब मोजून वहीत नोंदवावा.

सारे अन्नच वाटायचे म्हणून गोळ्याही खलबत्त्यात कुटायच्या, असा समज करून घेऊ नये. काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटल्या तर संपूर्ण मात्रा एकदम अंगात भिनते. कोणती गोळी कुटता येईल आणि कोणत्या गोळीऐवजी द्रव औषध मिळेल, हे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारूनच ठरवावे. गुडघेदुखीसाठी घरात असलेल्या वेदनाशामक गोळ्याही मनाने घेऊ नयेत. विशेषतः बायपासनंतर त्यांतील अनेक गोळ्यांमुळे व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

ब-१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम यांच्या पूरक मात्रा बहुतेकांना दीर्घकाळ आणि बायपास झालेल्यांना जन्मभर घ्याव्या लागतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतल्यास एकमेकांच्या शोषणात अडथळा येतो, म्हणून दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

आपल्या गावचे अंतर आणि आपला पावसाळा

आपल्याकडील पुष्कळ रुग्णांची शस्त्रक्रिया मुंबईत होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते घरी परततात. त्यानंतर रुग्णालय आणि घर यांच्यामध्ये लोकलची गर्दी किंवा घोडबंदरजवळच्या पुलावरील वाहनांची रांग असते. म्हणून घरी येतानाच दोन गोष्टी ठरवून ठेवाव्यात. एक, शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूचा रात्री-अपरात्री लागणारा दूरध्वनी. दुसरी, अगदी तातडीच्या वेळी वसई-विरारमध्येच कोणत्या रुग्णालयात जायचे त्याचा निर्णय. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि चालू औषधे लिहिलेला एक कागद पाकिटात असावा. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा.

जुलै २०१८ मधील दिवस अनेकांना आठवत असतील. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या आणि कित्येक वसाहतींत वीज आणि दूध दोन्ही आले नाही. पावसाळ्यात शस्त्रक्रिया असेल तर आठवडाभर पुरेल इतकी मूगडाळ, दुधाची भुकटी, प्रथिनांची भुकटी आणि औषधे आधीच आणून ठेवावीत. वीज नसताना मिक्सर चालत नाही, पण पुरणयंत्र, रवी आणि बारीक गाळणी चालतात. आजीच्या काळातील ही साधने माळ्यावरून खाली काढून घासून ठेवावीत.

एरवी वीज असेल तेव्हा वाटलेले अन्न बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवता येते. एका खणात साधारण एक मोठा चमचा मावतो, त्यामुळे मोजमापही सोपे होते. प्रत्येक साच्यावर पदार्थ आणि तारीख लिहावी, लागेल तेवढेच काढून चांगली वाफ येईपर्यंत गरम करावे आणि एकदा गरम केलेले पुन्हा गोठवू नये.

ताटाचा मान

आता जे कुठल्याही तक्त्यात लिहिलेले नसते, त्याविषयी. आपल्या संस्कृतीत माया ही वाढण्यातून व्यक्त होते. ‘अजून एक घास’, ‘माझ्यासाठी एवढे संपवा’, ‘काहीच खाल्ले नाही तुम्ही’ या वाक्यांत प्रेमच असते. या काही आठवड्यांत मात्र तो एक अधिक घास उलटी घडवतो. तेव्हा आग्रह करणाऱ्या हाताला दुसरे काम द्यावे. चमचा मोजावा, घड्याळ पाहावे, पाण्याची बाटली भरावी, संध्याकाळी सोबत चार पावले चालावे.

सारे पदार्थ एकत्र वाटून एकच तपकिरी लगदा पुढे ठेवू नये. हिरवे हिरवे राहू द्यावे, पिवळे पिवळे. भोपळा वेगळ्या लहान वाटीत, मूग वेगळ्या वाटीत. घरातील वरणालाच फोडणी देण्यापूर्वी रुग्णाचा वाटा बाजूला काढला तर ‘माझे वेगळे, तुमचे वेगळे’ ही बोच कमी होते. शक्य असेल तर रुग्णाने कुटुंबाबरोबर त्याच वेळी बसावे. ज्यांना तळणीचा वास सोसवत नाही, त्यांना मात्र पहिले काही दिवस सक्ती करू नये. हात चालत असताना कोणी भरवू नये. आपले जेवण आपल्या हाताने जेवणे हा या काळात उरलेला मोठा अधिकार असतो.

भेटीस येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे की खाऊ आणू नका. गणपती, दिवाळी किंवा नाताळ या दिवसांत आला तर नैवेद्याचा मोदक किंवा नाताळची करंजी नाकारणे रुग्णाला अवघड जाते. तो नकार घरच्यांनी त्यांच्या वतीने द्यावा. रोज सकाळी वजनाच्या काट्यावर उभे करून घरभर आकडा जाहीर करणे थांबवावे, आठवड्यातून एकदा पुरे. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात, त्याने घाबरून जाऊ नये. बहुधा ते पुन्हा येतात, पण प्रथिने आणि लोह पुरेसे जाते आहे का, हे तपासून घ्यावे. मन मात्र सतत उदास राहिले, रुग्ण बोलेनासा झाला, ‘कशाला केले हे सारे’ असे वारंवार म्हणू लागला, तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगे लक्षण आहे.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, रुग्ण चार चमचे जेवतो म्हणून आपणही स्वयंपाकघरात उभ्याने चार घास खाऊन घेऊ नका. आपले पोट तेच आहे. आपले जेवण वेळेवर आणि बसून व्हायला हवे.

न थांबता डॉक्टरांना कळवावे असे

नाडीचे ठोके मिनिटाला १२० च्या पुढे राहणे, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती वेदना, धाप लागणे ही आतील सांध्यातून गळती होत असल्याची चिन्हे असू शकतात. पोटरी सुजून दुखणे हे रक्ताच्या गुठळीचे लक्षण असू शकते. काळी शौचास होणे हे आतील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. यांपैकी काहीही दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये.

उलट्यांविषयी वेगळे सांगायला हवे. एखादी उलटी बहुधा घाईने किंवा अधिक खाल्ल्याने होते. पण दिवसभर पाणीही टिकत नसेल किंवा उलट्या कित्येक दिवस चालू राहिल्या असतील, तर ब-१ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता होऊन मेंदूवर परिणाम होतो. रुग्ण गोंधळतो, दोन-दोन दिसू लागतात, तोल जातो. वृद्धांच्या बाबतीत याला ‘वयामुळे भ्रम झाला’ असे समजून वेळ दवडला जातो. सलाईन लावण्यासाठी जवळच्या दवाखान्यात नेल्यास वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली आहे हे पहिल्या वाक्यात सांगावे, कारण ग्लुकोजपूर्वी ब-१ देणे आवश्यक ठरते.

पुढची पायरी

वाटलेल्या आहारातून मऊ आहाराकडे जाण्याचा दिवस डॉक्टर सांगतील. त्या दिवशी एकच नवा पदार्थ, एकाच वेळी, दुपारच्या जेवणात द्यावा, म्हणजे त्रास झाला तर कारण कळते आणि मदत मागायला दिवस हाती असतो. कवळी वापरणाऱ्यांनी त्याआधी ती दंतवैद्यांना दाखवून घ्यावी. वजन उतरले की ती सैल होऊ शकते आणि सैल कवळीने नीट चावता येत नाही. सुरुवात मऊ उकडलेल्या अंड्याने, कुस्करलेल्या पनीरने किंवा काटे काढलेल्या रावसाच्या लहान तुकड्याने करावी. प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावावा. भात आणि पोळी अजून काही आठवडे थांबतील. मिक्सर धुऊन ठेवला तरी पुरणयंत्र मात्र इतक्यात माळ्यावर टाकू नका. एखादा पदार्थ सोसला नाही तर दोन दिवस पुन्हा वाटलेल्या अन्नाकडे यावे लागते, आणि तसे येण्यात माघार घेतल्यासारखे काही नाही.